बीड पॅटर्न (पीक विमा)

बीड पॅटर्न (अन्य नावे : बीड सूत्र, ८०:११० सूत्र, ‘कप अँड कॅप’ प्रारूप) ही प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या अंमलबजावणीची एक पद्धत आहे. ती प्रथम महाराष्ट्रातील बीड जिल्ह्यात २०२०च्या खरीप हंगामात राबविण्यात आली. तिच्यात विमा कंपनीच्या नफ्यावर व तोट्यावर मर्यादा घातलेली असते. नुकसानभरपाई ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास वरचा भार राज्य शासन उचलते आणि भरपाई फारच कमी द्यावी लागली तर कंपनीकडील शिल्लक शासनाकडे परत येते. २०२२पासून ही पद्धत संपूर्ण महाराष्ट्रास लागू झाली.

या पद्धतीची चर्चा बहुधा शासन आणि कंपनी यांच्यातील आर्थिक व्यवहार म्हणून होते. तिच्या मागेपुढे मात्र मराठवाड्यातील शेतकऱ्यांचे न्याय्य विम्यासाठीचे दीर्घ आंदोलन आहे. ज्या प्रदेशात जोखीम सर्वाधिक, तेथे विमा कोणी द्यावा, त्याची किंमत कोणी मोजावी आणि नुकसान झाले हे कोणी ठरवावे, हे या आंदोलनाचे प्रश्न आहेत.

पार्श्वभूमी

बीड जिल्हा मराठवाड्याच्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येतो. उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते, तर बालाघाटच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे सखल व उंचवट्याचे असे दोन भाग पडतात. गेवराई व माजलगाव हे गोदाकाठचे तालुके काळ्या जमिनीचे आहेत. आष्टी, पाटोदा व शिरूर कासार येथील जमीन तुलनेने हलकी आहे. कापूस, सोयाबीन, तूर, उडीद, मूग व बाजरी ही खरिपातील मुख्य पिके होत. बहुसंख्य शेती कोरडवाहू आहे. दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील लाखो मजूर ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे स्थलांतर करतात, यावरून खरिपाच्या उत्पन्नाची शाश्वती किती, याची कल्पना येते.

अवर्षण हाच येथील एकमेव धोका नाही. जून-जुलैत पेरणी साधते, ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढणीस आलेले सोयाबीन अतिवृष्टीत भिजते, असा अनुभव एकाच हंगामात येऊ शकतो. विमा कंपनीच्या दृष्टीने असा जिल्हा तोट्याचा ठरतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने विम्याची गरज सर्वाधिक असते ती नेमकी अशाच ठिकाणी.

क्षेत्राधारित विम्याची कल्पना

भारतातील पीक विम्याचा सांगाडा पुण्यात घडला, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांनी १९७६मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात क्षेत्राधारित पीक विम्याची मांडणी केली. प्रत्येक शेतात जाऊन नुकसान मोजणे खर्चिक आहे, शिवाय त्यात लबाडीला वाव राहतो. म्हणून एका क्षेत्रातील सरासरी उत्पादन मोजावे आणि ते घटले तर त्या क्षेत्रातील सर्व विमाधारकांना सारख्या प्रमाणात भरपाई द्यावी, असे त्यांचे म्हणणे होते. १९७९मध्ये भारतीय सामान्य विमा महामंडळाने याच तत्त्वावर प्रायोगिक योजना सुरू केली. तिच्यामागून १९८५ची सर्वंकष पीक विमा योजना, १९९९ची राष्ट्रीय कृषी विमा योजना आणि २०१६ची प्रधानमंत्री पीक विमा योजना आल्या.

या कल्पनेतील सोय आणि अडचण दोन्ही एकाच ठिकाणी आहेत. क्षेत्र मोठे धरले की मोजणी स्वस्त होते, पण एखाद्या गावचे नुकसान सरासरीत बुडून जाते. महाराष्ट्रात प्रमुख पिकांसाठी महसूल मंडळ हे विमा क्षेत्र धरले जाते. एका मंडळात अनेक गावे येतात. मंडळाच्या एका टोकाला पाऊस पडून दुसरे टोक कोरडे राहणे ही मराठवाड्यात नवलाची गोष्ट नाही.

विमा हप्ता आणि भरपाई यांचे गणित

प्रधानमंत्री पीक विमा योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा विमा संरक्षित रकमेच्या खरिपासाठी २ टक्के, रब्बीसाठी १.५ टक्के आणि नगदी व फळपिकांसाठी ५ टक्के असा ठरलेला आहे. कंपनी निविदेत जो दर मागते तो याहून कितीतरी अधिक असू शकतो. त्यास वास्तवदर्शी दर म्हणतात. दोहोंतील फरक केंद्र व राज्य निम्मा-निम्मा भरतात. मात्र फेब्रुवारी २०२०मध्ये केंद्राने आपल्या अनुदानावर मर्यादा घातली. कोरडवाहू क्षेत्रासाठी ३० टक्के आणि बागायती क्षेत्रासाठी २५ टक्के दरापर्यंतच केंद्र आपला वाटा देते.

या मर्यादेचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये आणि कंपनीचा दर ४० टक्के असेल, तर एकूण हप्ता २०,००० रुपये होतो. त्यातील शेतकरी १,००० रुपये भरतो. केंद्र ३० टक्क्यांपर्यंतच्या फरकाचा निम्मा भाग, म्हणजे ७,००० रुपये देते. उरलेले १२,००० रुपये राज्याच्या तिजोरीतून जातात. जोखमीचा जिल्हा जितका अधिक, तितका राज्यावरील बोजा अधिक.

भरपाईचे गणित उंबरठा उत्पादनावर अवलंबून असते. मागील सात वर्षांतील सर्वोत्तम पाच वर्षांच्या उत्पादनाची सरासरी काढून तिला जोखीमस्तराने गुणतात. महाराष्ट्रात हा स्तर ७० टक्के धरण्यात आला आहे. पीक कापणी प्रयोगातून मिळालेले प्रत्यक्ष उत्पादन उंबरठ्याहून जितके टक्के कमी, तितके टक्के विमा संरक्षित रक्कम भरपाई म्हणून मिळते.

समजा, एका मंडळात सोयाबीनचे सात वर्षांचे हेक्टरी उत्पादन १२, ५, १०, ४, ११, ८ व ७ क्विंटल होते. सर्वोत्तम पाच वर्षांची सरासरी ९.६ आणि उंबरठा ६.७२ क्विंटल येतो. यंदा ५ क्विंटल पिकले तर घट सुमारे २५.६ टक्के ठरते आणि ५०,००० रुपयांच्या विम्यावर सुमारे १२,८०० रुपये मिळतात. आता ज्या मंडळात दरवर्षी १२ क्विंटल पिकत आले, तेथील उंबरठा ८.४ क्विंटल असेल. तेथेही यंदा ५ क्विंटलच पिकले, तर भरपाई २०,००० रुपयांहून अधिक होते. पीक सारखेच, विमा संरक्षित रक्कम सारखीच, पण ज्याने पूर्वी दुष्काळ सोसला त्याला कमी. वारंवार आपत्ती येणाऱ्या प्रदेशात उंबरठाच खाली सरकतो. बीडसारख्या जिल्ह्यांतून जोखीमस्तर वाढविण्याची मागणी होते ती यामुळे. या मागणीत भावनेपेक्षा अंकगणित अधिक आहे.

निविदेला प्रतिसाद नाही

२०२०च्या खरिपासाठी बीड जिल्ह्याकरिता काढलेल्या निविदेस एकाही कंपनीने प्रतिसाद दिला नाही. आधीच्या वर्षांत द्याव्या लागलेल्या मोठ्या भरपाया हे त्याचे कारण होते. पेरणीचा हंगाम सुरू झाला तरी जिल्ह्यात विमा उतरविणारे कोणी नाही, अशी स्थिती झाली. अखेर राज्य शासनाने मार्गदर्शक तत्त्वांत जिल्ह्यापुरता बदल केला आणि भारतीय कृषी विमा कंपनी या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीकडे काम सोपविले.

खासगी विमा मागे सरला की सार्वजनिक यंत्रणेला पुढे यावे लागते, हे केवळ शेतीत घडत नाही. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात १९९२च्या अँड्रू चक्रीवादळानंतर अनेक कंपन्यांनी किनारपट्टीवरील घरांचा विमा उतरविणे थांबविले. तेथे २००२मध्ये ‘सिटिझन्स प्रॉपर्टी इन्शुरन्स कॉर्पोरेशन’ ही सरकारप्रणीत कंपनी स्थापन झाली. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या केप कॉड भागात २००५च्या कॅटरिना वादळानंतर घरविम्याचे दर झपाट्याने वाढले, तेव्हा रहिवाशांनी संघटना उभारून दरवाढीस विरोध केला आणि दर ज्या वादळविषयक गणिती प्रारूपांवर आधारलेले आहेत, त्यांतील गृहीतकांना आव्हान दिले. तेथील घरमालकाला हप्ता स्वतः भरावा लागत असल्याने भांडण दरावर होते. बीडच्या शेतकऱ्याचा हिस्सा सर्वत्र सारखाच असल्याने दराचा चटका त्याला थेट बसत नाही आणि भांडण भरपाईवर येऊन थांबते. बंद दाराआड झालेल्या मोजमापावरचा आक्षेप मात्र दोन्हीकडे सारखा आहे.

सूत्राचे स्वरूप

बीड सूत्रात जमा झालेल्या एकूण हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंतची भरपाई कंपनीने द्यावयाची असते. त्यावरील रक्कम राज्य शासन देते. भरपाई हप्त्याच्या ८० टक्क्यांहून कमी असेल, तर कंपनी एकूण हप्त्याच्या २० टक्के रक्कम स्वतःकडे ठेवते आणि उरलेली शासनास परत करते.

एकूण हप्ता १०० कोटी रुपये धरला, तर भरपाई १० कोटी झाल्यास कंपनीकडे २० कोटी राहतात आणि ७० कोटी शासनाकडे परत जातात. भरपाई ९५ कोटी झाल्यास कंपनीस ५ कोटी उरतात, १०५ कोटी झाल्यास तिला ५ कोटींची झळ बसते. भरपाई १५० कोटींवर गेली, तर ११० कोटी कंपनी देते व ४० कोटी शासन.

पहिल्याच हंगामात, म्हणजे खरीप २०२०मध्ये, बीडमधून शेतकरी, राज्य व केंद्र यांच्या हिश्शांचा मिळून सुमारे ८०० कोटी रुपये हप्ता जमा झाला. वाटप झालेली भरपाई त्या मानाने अगदी अल्प होती, त्यामुळे मोठी रक्कम शासनाकडे परत जाण्याचा मार्ग मोकळा झाला. शासनाच्या दृष्टीने सूत्र यशस्वी ठरले. एरवी जी शिल्लक कंपनीचा नफा म्हणून गेली असती, ती तिजोरीत आली. ८ जून २०२१ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पंतप्रधानांची भेट घेऊन हे सूत्र राज्यभर लागू करण्याची मागणी केली.

शेतकऱ्यांच्या बाजूने पाहता चित्र वेगळे होते. ऑक्टोबर २०२०च्या पावसात सोयाबीन हातचे गेले असताना भरपाई नाही, आणि पैसे मात्र उरले. उरलेल्या पैशांत शेतकऱ्याचाही हिस्सा होता. सूत्रात तो त्याला परत देण्याची किंवा पुढील हप्त्यात वळता करण्याची तरतूद नाही. कंपनीच्या नफ्याला लगाम घालणे आणि शेतकऱ्याला न्याय्य भरपाई मिळणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. बीड पॅटर्नने पहिली साधली. दुसरीसाठी शेतकऱ्यांना रस्त्यावर आणि न्यायालयात जावे लागले.

आंदोलने व मागण्या

पीक विम्यावरील आंदोलनाचे लोण मराठवाड्यात बीडआधी परभणीत दिसले. खरीप २०१७च्या सोयाबीन विम्यासाठी तेथील शेतकऱ्यांनी २०१८मध्ये जिल्हाधिकारी कार्यालयासमोर अनेक दिवस धरणे धरले. पत्रकार पी. साईनाथ यांनी परभणीचे उदाहरण देशभरातील व्यासपीठांवर मांडल्याने या प्रश्नाकडे व्यापक लक्ष वेधले गेले. बीडमध्येही किसान सभा व इतर शेतकरी संघटनांनी विम्यासाठी मोर्चे, धरणे, उपोषणे असे मार्ग अवलंबिले. विरोधात असताना विम्याचा प्रश्न हाती न घेतलेला राजकीय पक्ष जिल्ह्यात शोधावाच लागेल.

वादाचा सर्वांत कळीचा मुद्दा ७२ तासांच्या पूर्वसूचनेचा आहे. गारपीट, ढगफुटी, शेत जलमय होणे यांसारख्या स्थानिक आपत्तीत किंवा काढणीनंतर शेतात वाळत ठेवलेले पीक भिजल्यास शेतकऱ्याने ७२ तासांच्या आत कंपनीस कळविणे बंधनकारक होते. त्यासाठी मोबाइल अॅप, टोल फ्री क्रमांक, बँक किंवा कृषी कार्यालय असे पर्याय होते. अतिवृष्टीत वीज व मोबाइलची रेंज गेलेली, ओढ्याला पूर आलेला, टोल फ्री क्रमांक सतत व्यस्त, अशा स्थितीत ही मुदत पाळणे कठीण जाई. महसूल खात्याचा पंचनामा झाला म्हणजे विम्याची नोंद झाली, असाही अनेकांचा समज असे. प्रत्यक्षात शासकीय मदत आणि विमा यांच्या वाटा वेगळ्या आहेत. पंचनाम्यावरून आपत्ती मदत निधीचे अनुदान मिळते, विम्याचा दावा मात्र योजनेच्या नियमांनी ठरतो.

याच मुद्द्यावर शेजारच्या तत्कालीन उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातून महत्त्वाचा निकाल आला. खरीप २०२०मधील सोयाबीन नुकसानीचे दावे मुदतीत पूर्वसूचना न दिल्याच्या कारणाने नाकारण्यात आले होते. मे २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांना भरपाई देण्याचा आदेश विमा कंपनीस दिला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली, परंतु सप्टेंबर २०२२मध्ये तेथेही तिला दिलासा मिळाला नाही. शासकीय यंत्रणेने नोंदविलेले सार्वत्रिक नुकसान केवळ वैयक्तिक पूर्वसूचनेअभावी अमान्य करता येणार नाही, ही भूमिका त्यामुळे बळकट झाली. मराठवाड्यातील पुढच्या आंदोलनांत या निकालाचा दाखला वारंवार दिला गेला.

दुसरा मुद्दा पीक कापणी प्रयोगांचा. प्रयोगासाठी निवडलेले शेत कोणते, कापणीच्या वेळी कोण हजर होते, वजन कसे झाले, यावर संपूर्ण मंडळाची भरपाई ठरते. म्हणून प्रयोगांची आगाऊ माहिती ग्रामपंचायतीत लावावी, गावकऱ्यांसमक्ष कापणी व्हावी आणि मंडळनिहाय आकडे जाहीर करावेत, असा आग्रह धरला जातो. मंडळातील पर्जन्यमापक यंत्र नेमके कोठे बसविले आहे, हाही वादाचा विषय होतो.

अग्रिम भरपाई आणि २०२३चा पावसाचा खंड

हंगामाच्या मध्यात प्रतिकूल परिस्थिती उद्भवून अपेक्षित उत्पादन उंबरठ्याच्या ५० टक्क्यांहून कमी राहील असे दिसल्यास, संभाव्य भरपाईच्या २५ टक्के रक्कम आगाऊ देण्याची तरतूद योजनेत होती. तिला बोलीभाषेत ‘अग्रिम’ म्हणतात. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती संयुक्त पाहणीच्या आधारे अधिसूचना काढते. पाहणीत कृषी व महसूल खात्याबरोबर कंपनीचाही प्रतिनिधी असतो.

ऑगस्ट २०२३ हा देशात १९०१पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. बीडसह अनेक जिल्ह्यांत अग्रिमाच्या अधिसूचना निघाल्या. विमा कंपन्यांनी राज्यात ठिकठिकाणी त्यांवर आक्षेप घेत विभागीय व राज्य पातळीवर अपिले केली. त्यात दिवाळी जवळ आली. नोव्हेंबरमध्ये तत्कालीन कृषिमंत्री आणि परळीचे आमदार धनंजय मुंडे यांनी पहिल्या टप्प्यात राज्यातील ३५ लाख ८ हजार शेतकऱ्यांसाठी १,७०० कोटी ७३ लाख रुपये अग्रिम मंजूर झाल्याचे जाहीर केले. त्यांत बीड जिल्ह्यातील ७ लाख ७० हजार ५७४ शेतकरी होते आणि त्यांच्या वाट्याची रक्कम २४१ कोटी २१ लाख रुपये होती. सरासरी काढल्यास ती प्रत्येकी ३,१०० रुपयांच्या आसपास भरते.

एक रुपयात विमा

बीड सूत्र खरीप २०२२पासून राज्यभर लागू झाले. मार्च २०२३च्या अर्थसंकल्पात राज्य शासनाने शेतकऱ्याचा हिस्साही स्वतः भरण्याचे ठरविले आणि केवळ एक रुपयात विमा देण्याची घोषणा केली. परिणामी खरीप २०२३मध्ये राज्यातील अर्जांची संख्या सुमारे १ कोटी ७० लाखांवर गेली.

हप्ता जवळजवळ नाहीसा झाल्यावर नवी समस्या उभी राहिली. दुसऱ्याच्या, शासकीय किंवा अकृषक जमिनीवर पीक दाखवून विमा उतरविल्याच्या तक्रारी आल्या. सामूहिक सुविधा केंद्रांना प्रत्येक अर्जामागे ४० रुपये मिळत असल्याने अर्ज वाढविण्याचे आमिषही होते. डिसेंबर २०२४मध्ये आष्टीचे आमदार सुरेश धस यांनी बीड जिल्ह्यातील अशा बोगस विम्याचा आरोप विधानसभेत केला आणि जिल्ह्याचे नाव पुन्हा राज्यभर गाजले. बोगस अर्जांचा फटका खऱ्या शेतकऱ्यालाही बसतो. पेरणी क्षेत्रापेक्षा विमा क्षेत्र अधिक निघाले की छाननी लांबते आणि सर्वांचीच भरपाई अडकून पडते.

२०२५मधील बदल

२९ एप्रिल २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने एक रुपयातील विमा बंद करून शेतकऱ्याचा २, १.५ व ५ टक्क्यांचा हिस्सा पुन्हा लागू करण्याचा निर्णय घेतला. शेतकरी ओळख क्रमांक व ई-पीक पाहणीची नोंद आवश्यक करण्यात आली. हप्त्याहूनही मोठा बदल भरपाईच्या निकषांत झाला. पेरणी न होणे, हंगामातील प्रतिकूल परिस्थिती, स्थानिक आपत्ती आणि काढणीपश्चात नुकसान हे चारही निकष वगळून केवळ पीक कापणी प्रयोगांवर आधारित भरपाई ठेवण्यात आली. ज्या ७२ तासांच्या अटीवर इतकी वर्षे वाद झाला, ती अटच उरली नाही, आणि तिच्याबरोबर अग्रिमही गेला.

या बदलाची कसोटी पहिल्याच हंगामात लागली. सप्टेंबर २०२५मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी होऊन गोदावरी, सिंदफणा, मांजरा व सीना या नद्यांना पूर आले. बीड जिल्ह्यात पिकांबरोबर अनेक ठिकाणी शेतातील मातीही वाहून गेली. ऑक्टोबरमध्ये राज्य शासनाने अतिवृष्टिग्रस्तांसाठी ३१,६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. विम्यात मात्र शेत जलमय झाल्याचा वैयक्तिक दावा करण्याची सोय नव्हती. उभे पीक वाहून गेलेल्या शेतकऱ्याची भरपाईही आता मंडळाच्या सरासरी उत्पादनावर ठरणार होती. वगळलेले निकष पुन्हा लागू करावेत, ही शेतकरी संघटनांची मागणी त्यानंतर अधिक तीव्र झाली.

नोव्हेंबर २०२५मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने वन्यप्राण्यांमुळे होणारे नुकसान आणि पुराने भात पाण्याखाली जाणे या दोन बाबी खरीप २०२६पासून विम्यात घेण्याचे जाहीर केले. यांतील दुसरी बाब मुख्यतः कोकणासारख्या किनारी व पूरप्रवण भागांतील भातशेतीस उपयोगी आहे. बीडमध्ये पाण्याखाली जाते ते सोयाबीन आणि कापूस.